मागून येणारं हसू

"ते तुझ्याच घरात हाय, नीलाबाई. माझ्या घरावर ढकलू नको."

"माझ्या घरात मी आन् दोन मांजरी. मांजरी हसत न्हाईत, फरीदा."

"मग माझ्या घरात दाखव ना कोण हाय ते. पलंगाखाली बघ, माळ्यावर बघ. आलीच हायस तर बघूनच जा."

भांडण असं पेटलं होतं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींचं तोंड पाहून अजून अर्धा तासही झाला नव्हता. तीन वर्षांची मैत्री, रोजची थट्टा, रोजचे टोमणे, पण समोरासमोर ही पहिलीच भेट. मी चौसाळ्याची, ती केजची. त्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन, दोन जीपा बदलून मी तिच्याकडं गेलते. मैत्रिणीच्या बाळंतीण सुनेसाठी लाडू नेतेय, असं शेजारणीला सांगितलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

आमचा मोबाइलवर 'सवाल-जवाब' नावाचा ग्रुप आहे. दुपारची जेवणं झाली की एकानं सवाल टाकायचा, बाकीच्यांनी जवाब द्यायचा. लिहायचं कुणीच नाही, बोलून पाठवायचं. हा नियम माझा. फरीदाला उर्दू वाचता येतं, मराठी नाही, माझं उलटं. मी शाळेची पायरी चढले नाही. किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता रद्दीच्या कागदांवरून अक्षरं शिकले, आणि आता माझ्याशी वाद घालताना मास्तरसुद्धा जपून बोलतात.

सवाल असे असायचे, की तीन काळजं कुणाला असतात? ऑक्टोपसला. त्यावर फरीदा म्हणाली, "मला एकच होतं, तेबी म्हाताऱ्यानं खाल्लं." वडवणीकडचा अजिनाथ कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला. तो फडातून बोलायचा, मागं कोयत्यांचा सपसप आवाज. "मावशी, मधमाशीला पाच डोळे असत्यात. आमच्या मुकादमाला सहा हायती." फरीदाची सून शाईस्ता शिरूर कासारला माहेरी बाळंत झाली होती, तीही ऐकायची. आमचे आवाज मोठ्यानं लावल्याशिवाय लेकरू झोपतच नाही म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मग एके दुपारी फरीदाच्या बोलण्यामागं कुणीतरी हसलं.

बाईचं म्हणता येत नव्हतं, बाप्याचंही नाही. ओल्या फडक्यात तोंड दाबून कुणी हसावं, तसं. मला वाटलं, तिच्याकडं पाहुणे आले असतील. आमच्याकडं उंबऱ्यात उभ्या माणसाला कोण म्हणून विचारायच्या आधी आत ये म्हणतात. मीही तेच केलं. ग्रुपात बोलले, "मागं कोण बसलंय त्यानं लाजू नये. पुढं यावं, आमच्यात बसावं."

फरीदाला वाटलं, मी माझ्याच घरातल्या कुणाला तरी म्हणतेय. कारण तिला ते हसू माझ्या आवाजामागं ऐकू येत होतं.

हे आम्हाला कळायला पंधरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत हसणाऱ्याची हिंमत वाढली. आधी ते विनोद संपल्यावर यायचं. मग विनोदाबरोबर यायला लागलं. मग आधीच, म्हणजे फरीदा विनोद सांगायला तोंड उघडायची आणि मागून हसू सुरू व्हायचं, जणू पुढचं सगळं त्याला ठाऊक आहे. अजिनाथनं एकदा विचारलं, "मावशी, तुमच्या दोघींच्याबी मागं कोण हाय ओ?" दुसऱ्या दिवशी तो ग्रुपातून निघून गेला. मी फोन केला, तर उचलला नाही.

शेवटी फरीदाचाच फोन आला. "उद्या चाळिसावा दिवस. माझा अल्ताफ बायकोला आन् लेकराला घ्यायला जातोय. पयलं नातवंड हाय माझं, नीलाबाई. तू त्याला पुढं ये म्हणलीस, आता तूच काय ते कर. न्हाई तर मी लेकराला या घरात आणायची न्हाई."

म्हणून मी गेलते.

तिची खोली पत्र्याची. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. लाइट गेलेली, पंखा बंद, पत्रा तापून मधूनच टक् करून वाजायचा आणि आम्ही दोघी एकदम वर बघायचो. कोपऱ्यात लेकरासाठी धुतलेली दुपटी, त्यांना लोबानाचा वास. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. काही नव्हतं.

"दोन्ही फोन ठेव इथं," मी म्हटलं. "आज सोक्षमोक्ष लावू."

आधी तिच्या फोनवर माझा कालचा सवाल लावला. माझाच आवाज, खणखणीत... आणि त्याच्या मागं ते. मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाठीला लागून कुणीतरी हसत होतं. मग तोच सवाल माझ्या फोनवर लावला. नुसता माझा आवाज. मागं काही नाही.

फरीदाच्या बोलण्याचंही तसंच. तिच्या फोनवर ती एकटी. माझ्या फोनवर दोघं.

"मग ते तुझ्याकडंबी न्हाई आन् माझ्याकडंबी न्हाई," मी हळू म्हटलं. "ते मधी कुठं तरी हाय."

"मधी म्हंजी कुठं?"

"एकीच्या तोंडातून निघून दुसरीच्या कानात जाईस्तोवर..."

"गप बस. लई शहाणी हायस. तुझ्या शहाणपणानंच हे झालं. कोण, कुठलं, न विचारता कावून बोलवलंस?"

"तुझं पाहुणं समजून मान दिला, तर माझं चुकलं?"

आवाज चढले. रडू तिलाही येत होतं, मलाही. दोघीही भांडून ते मागं ढकलत होतो. मग मीच म्हटलं, एकाच खोलीतून, एकाच फोनवर, दोघी मिळून बोलू. मधे जागाच ठेवायची नाही. फरीदानं फोन तोंडाशी धरला. मी तिच्या गालाला गाल लावला. तिला दरदरून घाम सुटला होता.

"शाईस्ता बेटी, तुझी अम्मी बोलतेय. ही नीलाबाईबी आलीय," ती म्हणाली.

"सवाल घ्या," मी म्हटलं. "डोळे उघडे ठिवून कोण झोपतं?"

"मासा," फरीदा म्हणाली, "आन् सासू."

पाठवलं. दोन्ही फोनवर ऐकलं, एकदा, दोनदा, कान लावून. आमचे दोन आवाज, पत्र्याची टक्, बाहेर एक जीप गेलेली. दुसरं काही नाही. तिसऱ्यांदा ऐकलं. नाही.

मी भिंतीला टेकले. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. "गेलं बघ," मी म्हटलं. "तोंडावर बोललं की जातं असलं. आता पाणी दे. कवाची आलीय मी, पाणीबी विचारलं न्हाईस."

फरीदा माठाकडं गेली. तेवढ्यात फोन वाजला. शाईस्ताचा जवाब होता. मीच लावला.

"अम्मी, नीलाखाला, ऐका ना. घरात आमी दोघंच, बाकी सगळे लग्नाला गेलेत. तुमचा सवाल लावला आन् लेकरू हसायला लागलं. थांबतच न्हाई. हे बघा, फोन त्याच्याजवळ नेते..."

आणि मग ते हसू. बारीक, कोवळं, खदखदून, मधेच श्वास घेऊन पुन्हा. मला लेकरू झालं नाही. दुसऱ्यांची लेकरं मी दुरूनच पाहिली. माझे डोळेच भरून आले.

"ऐकलंस का?" मी म्हटलं. "तुझा नातू हाय तो. सासूवरच्या विनोदाला हसतोय, आत्तापासून. आता तरी मान, फरीदा. तुझ्या घरात काय न्हाई, माझ्याबी न्हाई. उगा माझ्यावर आळ घेतलास. उद्या खुशाल आण लेकराला."

ती तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली. पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. मी बोलतच होते. माफी माग, म्हणत होते. चार लेकरांची आई ती. माझ्याकडं न बघता, फोनकडं बघत, अगदी हळू म्हणाली,

"नीलाबाई, चाळीस दिवसाच्या लेकराला आवाज काढून हसता येत न्हाई."