सुभेदारांच्या झाडावरची निळी माळ

खाली लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या भाचीच्या गळ्याची शपथ.

भाचीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, स्वतःच्या गळ्याची घ्या की."

तर, माझ्या गळ्याची शपथ.

गेल्या चोवीस डिसेंबरची संध्याकाळ. ठिकाण, कुंडलच्या अलीकडची उसातली एक वस्ती. माझ्या धाकट्या बहिणीचं, रेश्माचं सासर. मी स्वतः मिरजेला असतो आणि कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. हे अशासाठी सांगतो, की माझा भुताखेतांवर विश्वास नाही. माझ्या विषयाला विद्यार्थी नाहीत, हा भाग वेगळा.

रेश्माचे सासरे, सुभेदार आकाराम, श्रावणात वारले.

रक्षा नदीत न सोडता दारात खड्डा काढून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, अशी आता आमच्याकडे पद्धत पडली आहे. लोक आंबा लावतात, नारळ लावतात. पण सुभेदारांनी आधीच बजावलं होतं, "आंबा नगं. पोरं दगडं मारत्यात. सरळ हुबं ऱ्हानारं कायतरी लावा."

नर्सरीत सावधान स्थितीत उभं असलेलं एकच झाड होतं. नर्सरीवाला त्याला ख्रिसमस ट्री म्हणत होता. तेच आणलं.

मुलगा जयराज, म्हणजे रेश्माचा नवरा, फौजेत. बर्फातल्या ठाण्यावर होता. त्याला बापाच्या मातीला पोचता आलं नाही. अग्नी चुलतभावानं दिला.

त्या वर्षी दिवाळी झाली नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. आकाशकंदील नाही, माळ नाही.

भाची प्रियदर्शनी इस्लामपूरच्या इंग्रजी शाळेत तिसरीला. शाळेत ख्रिसमस ट्री सजवला होता. प्लॅस्टिकचा.

"आपला तर खरा आहे," ती म्हणाली. "त्याला माळ लावू या."

"आगं, ते तुजं आजोबा हायत!" मनुबाई, म्हणजे तिची आजी, ओरडल्या.

"मग आजोबांना लावू या."

इथे तर्कशास्त्र मध्ये पडलं. मी म्हणालो, "मावशी, नियम काय? आपले सण करायचे नाहीत. नाताळ आपला सण आहे का? नाही. मग नियम मोडतोच कुठं?"

मनुबाईंनी बराच वेळ विचार केला.

"ह्यात कायतरी खोट हाय, पावणं. पन मला घावंना."

एक अट मात्र घातली. लाल-पिवळी माळ नको, ती दिवाळीची. म्हणून निळी आणली.

खरं तर त्यांचं लक्ष माळेकडे नव्हतंच. फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जयराजला रजा मंजूर झाली होती. निघालो की फोन करतो म्हणाला होता. पण चार दिवसांपासून त्याचा फोन बंद होता.

"बर्फात रेंज नसते, मावशी."

"व्हय. त्योबी असंच म्हनतो," त्या म्हणाल्या. "पन म्हनायला फोन करतो."

दिवेलागणीला मी सोप्यातल्या बोर्डात प्लग घातला, बटण दाबलं आणि अंगणात आलो.

झाड निळं झालं. उसाची पाती निळी. अंगण निळं. आमची तोंडंसुद्धा.

"समदी मेल्यावानी दिसाय लागलाय," मनुबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं टाळ्या वाजवल्या. दोन-तीनच वाजवल्या असतील...

टक्.

माळ विझली.

लाईट गेली म्हणावं, तर स्वयंपाकघरातला बल्ब चालू होता. मी बोर्डापाशी गेलो. बटण बंद होतं.

आम्ही चौघंही अंगणात होतो.

बटण सैल असेल, असं मी म्हणालो. शिक्षक माणूस, काहीतरी म्हणावंच लागतं. बोट लावून पाहिलं. घट्ट होतं. पुन्हा दाबलं. माळ लागली.

शेजारच्या रानात धुळा धनगरानं खतासाठी मेंढरं बसवली होती. संध्याकाळपासून त्यांची बें बें चालू होती...

ती थांबली.

एक-एक करून नाही. सगळी एकदम.

टक्.

या वेळी मी बोर्डाकडेच बघत होतो. बटण वर गेलं. कुणी हळूच बोटानं उचलावं, तसं.

सांगायचं म्हणजे, हयात असताना सुभेदारांना हीच सवय होती. एकाहत्तरच्या लढाईत शिकलेली. अंधार पडला की घरभर हिंडून दिवे बंद करायचे. सून भाकरी थापत असली तरी. "उजेड दिसला की गोळी येती," म्हणायचे. घरात येताना दारातच दोनदा खोकायचे. खोकला ऐकला की सुनेनं पदर सावरायचा.

हे मला आठवायला आणि रेश्मा ताडकन उभी राहायला एकच गाठ पडली.

तिनं डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं गं?"

"काही नाही, दादा... सवय."

"कसली सवय? काही ऐकलंस का?"

ती दाराकडे बघत राहिली. दारात कुणी नव्हतं. मला तरी काही ऐकू आलं नव्हतं...

मनुबाईंचा आवाज अगदी खाली आला होता.

"उगच न्हाई बंद करायचं ते. गोळी याची आसली तरच बंद करायचं." त्यांनी फोन घट्ट धरला. "माज्या जयावर कुनीतरी नेम धरलाय."

"मावशी, असं काही..."

"काडा ती माळ! आदी काडा!"

झाडाला हात लावायचं धाडस होईना. शास्त्रीय कारण नव्हतं. मी प्लग उपसला आणि हातात धरून सोप्यात बसलो. प्रियदर्शनी माझ्या दंडाला चिकटली होती.

"मामा, माझ्यामुळं पप्पांना काही होणार नाही ना?"

तर्कशास्त्रात याचं उत्तर नाही. म्हणून मी नाही म्हणालो.

रेश्मानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चुलीवर आमटी आटत होती. कुणी उठलं नाही. मेंढरं गप्पच होती. कुत्रं उठलं, झाडापाशी गेलं, शेपूट हलवली आणि तिथंच बसलं.

रोज संध्याकाळी ते सुभेदारांच्या पायाशी बसायचं, तसं.

बऱ्याच वेळानं... उसातल्या वाटेवर पावलं वाजली.

जड पावलं. बुटांची.

मनुबाई उठल्या. पण पुढं सरकेनात.

"आई?" अंधारातून हाक आली. "जेवलासा का न्हाई?"

जयराज होता. पाठीवर पिशवी, अंगात सगळे अवयव जागच्या जागी. मनुबाईंनी त्याला चाचपून पाहिलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग रडल्या.

"फोन का बंद रं, मुडद्या?"

"चार्जर ठाण्यावर ऱ्हायला."

प्रियदर्शनी त्याच्या कमरेला लोंबकळत होती. तो झाडाकडे बघत म्हणाला, "माळ झ्याक लावलीया. बरं झालं. दोन सालांत कितीतरी नवी घरं झाल्यात. अंधारात वळान चुकलोच असतो. पन फाट्यापास्नं निळं दिसत हुतं."

रेश्मानं माझ्या मुठीकडे पाहिलं.

झाड काळं होतं. प्लग माझ्या मुठीत होता.

सोप्यातच जेवायला बसल्यावर मनुबाईंनी विचारलं, "दिवेलागणीला कुठं हुतास?"

"गाडीत. बेळगावला पलटणीच्या सेंटरवर काम हुतं, तितनं मिरजेची गाडी धरली. झोपलो हुतो."

"गोळीबार?"

"आई, बेळगावच्या गाडीत कसला गोळीबार?"

मला हायसं वाटलं. मी भाकरी मोडली. तेवढ्यात तो थांबला.

"एक झालं मातर..."

"काय?"

"कुनीतरी दोनदा खोकलं. आगदी कानापाशी. म्या 'आलो, बाबा' म्हनून उठलो. बगतो तर डबा मोकळा. आन् भायेर मिरज." त्यानं मान खाली घातली. "न्हाईतर झोपंत तसाच फुडं गेलो आसतो."

रेश्माच्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं.

मनुबाई उठल्या. माझ्यापुढचा प्लग उचलून स्वतः बोर्डात घातला. "ह्ये पोराला उतरवाय गेलं हुतं," त्या म्हणाल्या. "आता न्हाई बंद करायचं." आणि बटण दाबलं.

माळ रात्रभर जळली. जयराज झाडाशेजारी खाट टाकून झोपला. शेजारच्या रानात मेंढरं पुन्हा ओरडायला लागली होती.

नंतर इस्लामपूरच्या वायरमननं बोर्ड उघडून बघितला. त्याला काही सापडलं नाही. मी अजूनही त्या वस्तीवर गेलो की बटणाकडे पाठ करून बसत नाही.

ही हकीकत आता भावकीत सगळीकडे झाली आहे. सुभेदारांनी पोराला मिरजेला उठवलं, इथं आलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्याही येतो. मनुबाई तर त्या झाडाला रोज पाणी घालताना हे सांगतात, म्हणून मी मध्ये बोलत नाही.

मी मिरजेत राहतो. ती गाडी मिरजेच्या पुढं जात नाही.