नावाड्याचं सोंग

“आता सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही,” दिगूने घसा खाकरला, “पण एकदा कृष्णेतल्या मगरीने माझ्याकडे तंबाखू मागितली.”

त्याच्या मनगटावरचं सत्यकडं लालभडक झालं.

“चुना तरी दिलास का तिला?” शिवणयंत्रावरची मान न उचलता हमीदने विचारलं.

दिगू हमीदच्या शिंपीदुकानातल्या बाकावर टेकला. कडं आल्यापासून असंच व्हायचं. नाडी आणि आवाजातला कंप मोजून ते खोटं पकडायचं, आणि कड्याशिवाय ना पेन्शन, ना विमा. थाप रांगायला लागायच्या आधीच मरायची. त्यापेक्षा गप्प बसणं कमी दमवणारं होतं.

अलीकडे त्याला धास्ती होती ती ‘कसा आहेस?’ या साध्या प्रश्नाची. हृदयाची झडप निकामी होत चाललीय, असं डॉक्टर म्हणाले होते. हमीदला आणि शालनला ते कळू द्यायचं नव्हतं. आजारी माणसाकडे कुणी गोष्ट मागत नाही. गोळ्या घेतल्यास का, एवढंच विचारतात.

म्हणून त्याने आज सोंगं घेऊन खेळायचा हा फाशांचा खेळ आणला होता. नाटकवाल्यांनी मोर्चे काढल्यावर कड्यांना ‘सोंगमुभा’ मिळाली होती. सगळ्यांनी मिळून सोंग जाहीर केलं, की खेळ संपेपर्यंत कडी झोपायची.

शाळेपासूनची मैत्रीण शालन सूत्रधार झाली. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून राबलेली. नियम तिने एकदाच वाचले. “जग मी सांगणार. त्यात तुम्ही कोण, काय करता, ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही, ते फासा ठरवेल.”

“जिंकतं कोण?” हमीद.

“कुणीच नाही.”

“मग खेळायचं कशाला?”

“एरवी आपल्यात कोण जिंकतंय?”

तिघांनी कडी एकमेकांना टेकवली. कड्यांवरचे दिवे विझले.

हमीद शिपाई झाला. त्याला सहा पडला आणि त्याने लगेच पुन्हा फासा टाकला.

“हा लुडो नव्हे,” शालन म्हणाली.

“सहाला मान असतो, बाई.”

“बरं. समोर नदी आहे. काठाला नाव बांधलीय. नावाडी कोण?”

“मी,” दिगू म्हणाला. “ऐन पंचविशीतला. बैलासारखी छाती. पुरात म्हैस खांद्यावर घेऊन पोहलोय.”

कडं काळंच राहिलं. किती दिवसांनी जीभ मोकळी झाली होती. त्याने टाकलेला फासा शिवणयंत्राखाली घरंगळला. तो काढायला दिगू वाकला आणि वर आला तो धापा टाकतच.

शालनने हातातला चहाचा थर्मास खाली ठेवला. “नावाड्या, दम लागला?”

“नदीला ओढ फार. वल्ही मारून मारून हात भरून आले.”

“मार, मार,” हमीद म्हणाला. “मला पलीकडे उतरायचंय.”

शालन हसली नाही. ती दिगूच्या निळसर नखांकडे बघत होती.

“खोटं बोलतोयस, दिगू. नाव अजून काठालाच बांधलेली आहे. मी ती सोडलेलीच नाही. मग दम कशाने लागला?”