कालवा चालू, तरी विहीर खाली

दसऱ्याच्या सुट्टीच्या चौथ्या दिवशी दुपारी विहिरीचं पाणी घटल्याचं उघड झालं. आदल्या आठवड्यात बुडालेल्या तीन पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या होत्या!

"असं होईलच कसं?" सुनंदाआत्या काठावरून म्हणाली. "कालव्याला नदीचं पाणी आहे. सगळ्यांचे बोअर बंद आहेत. मग पाणी गेलं कुठे?"

बारा वर्षांच्या संपदाला इथला नियम एव्हाना पाठ झाला होता. बंगळूरबाहेरच्या या कोरड्या खोऱ्यात सात शेतांची एकच सामाईक विहीर होती. कालवा वाहतो ते पंधरा दिवस पिकाला नदीचं पाणी द्यायचं, उरलेलं विहिरीत सोडायचं आणि जमिनीतल्या पाण्याला हात लावायचा नाही. ते उन्हाळ्यासाठी.

"तानूबाईनंच उपसलं!" पाणीसंघाचे शंभूराज गरजले. "तिचं शेत विहिरीला लागून आहे. दीड वाजता बैठक. तिची पाणीपाळी बंद!"

"अण्णा, माझी नाचणी आत्ता दाण्यात आलीय," तानूबाई कशाबशा म्हणाल्या. "आज पाणी तोडलंत तर सगळं वाळेल. मी थेंबसुद्धा घेतला नाही हो!"

संपदाला त्यांच्याकडे बघवेना. ती आत्याच्या शेततळ्याकडे निघाली. मागून आतेभाऊ हयवदन आणि त्याचा धाकटा भाऊ शौर्य आले.

"केसांचं काय केलंस गं?" हयवदन हसला. "काथ्या झालाय नुसता! यशवंतपूरच्या बाजारात विकू या?"

"गप रे! जयनगरला आमच्या घरी बोअरचं पाणी आलं की असेच होतात..." संपदा एकदम थांबली. "पण मी तर सकाळी आत्याच्या तळ्यात न्हाले. तळ्यात नदीचं पाणी आहे ना?"



"साबण आण, शौर्य! बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. पळ!"

कालव्याच्या पाण्यात साबण लावताच हातभर फेस आला. तळ्याच्या पाण्यात कितीही घासला, तरी पांढरा चिकट थर! आणि तळं काठोकाठ भरून पाणी मागच्या ओढ्यात वाहून चाललं होतं.

"बोअरचा पाइप तळ्याच्या तळाशी उघडतो," हयवदन कुजबुजला. "म्हणून कुणाला दिसलं नाही!"

तळ्याशेजारच्या पंपाच्या खोलीला कुलूप होतं. दाराला कान लावला, तर आत मोटर घुमत होती. किल्ली पंप बघणाऱ्या वेणुगोपालअण्णांकडे, आणि ते साड्या घ्यायला शहरात चिकपेटला गेलेले!

"एक पस्तीस!" शौर्य ओरडला. "दोनला शेतीची वीज जाते. मोटर थांबली की कोण विश्वास ठेवणार?"

 बोअर आत्याचा होता. बोललं तर आत्याची मान खाली जाणार. नाही बोललं तर तानूबाईंची नाचणी जाणार.

"दोन बादल्या भर. एक कालव्याची, एक तळ्याची," संपदा म्हणाली.

बैठकीत शंभूराजांनी त्यांना हटकलं. "मुलांनो, इथे मोठ्यांचं काम चाललंय!"

"सरी, अण्णा, जातो," हयवदन नम्रपणे म्हणाला. "पण तुमचे हात चिखलाने भरलेत. त्याच हातांनी सही करणार?"

लोक हसले. शंभूराजांनी चिडून पहिल्या बादलीत हात धुतले. फेसच फेस! दुसऱ्या बादलीत साबण नुसताच घसरत राहिला.

"हे बोअरचं पाणी आहे. कुणाचा बोअर चालू आहे?" शंभूराजांनी विचारलं.

संपदा पुढे झाली. "आमचा. आत्या, हे आपल्या तळ्यातलं पाणी आहे. मोटर अजून चालू आहे, चला लवकर!"

सगळे धावले. शंभूराजांनी दगडाने कुलूप फोडलं. दोनला चार मिनिटं कमी होती, आणि मोटर घुमत होती! पेटीतला खटका 'ऑटो'वर होता; वीज आली की पंप आपोआप सुरू!

आत्याने फोन लावला.

"बंद केला होता की, अक्का!" पलीकडून वेणुगोपालअण्णा म्हणाले. मग आवाज उतरला. "म्हणजे... हिरवं बटण दाबलं, लाल दाबलं. खटका राहिला असेल स्वल्प."

"स्वल्प? आठ दिवस पाणी ओढ्याला गेलं!"

आत्याने खटका खाली ओढला आणि तानूबाईंसमोर हात जोडले. "चूक माझ्या घरची होती."

शंभूराजांनी पाणीपाळी बंद करायचा कागद सगळ्यांसमोर फाडला. "तानूबाई, मला माफ करा. आणि पोरी, घरच्यांविरुद्ध खरं बोललीस. आमच्यातल्या कुणाला हे जमलं नसतं!"

तानूबाईंनी संपदाचे राठ केस कुरवाळले, आणि फावडं उचलून त्या कालव्याकडे निघाल्या.

कालवा आणखी सहा दिवस वाहणार होता. उरलेल्या सहा शेतांवरच्या पंपाच्या पेट्या अजून कुणीही उघडून पाहिल्या नव्हत्या.