जिन्यावरचं पातेलं

"पातेलं नीट आत सरकवून ठेव गं... एकदा घडलं ते पुरे आहे."

सासूबाई हे रोजच्याच आवाजात म्हणाल्या, पण स्वयंपाकघराच्या दाराशी आज धाकटी जाऊ उभी होती, आणि तिच्यामागे तिची मुलगी. थोरलीचा पिठात फिरणारा हात क्षणभर थांबला. मग "हो, आई," एवढंच म्हणून ती पुन्हा ढवळू लागली.

धाकटी या घरात कितीतरी वर्षांनी आली होती. मुलीची नर्सिंगची परीक्षा संपली आणि तिनं हट्टच धरला की सुट्टीत आजीकडे जायचं, आजीचे सांडगे घालायला शिकायचं. मुलीच्या वडिलांनी दोघींना दारापर्यंत सोडलं होतं. गाडीचं इंजिनही बंद न करता ते तसेच परत गेले होते. थोरलीनं ते खिडकीतून पाहिलं होतं, आणि काहीच न पाहिल्यासारखं पुढे होऊन धाकटीच्या हातातली पिशवी घेतली होती.

एके काळी दोन्ही भाऊ याच घरात एकत्र राहत होते. उन्हाळा तापला की सासूबाई सांडगे घालायला काढत. त्यांच्या माहेरची, दक्षिणेकडची रीत होती ती. भिजवलेले तांदूळ गंधासारखे वाटायचे, आधणात मीठ, जिरं, हिंग आणि मिरची घालून ते वाटण त्यात सोडायचं, पीठ चकचकीत होईपर्यंत हात थांबू द्यायचा नाही, आणि गरम आहे तोवरच गच्चीवर न्यायचं. कारण गार झालेलं पीठ सोऱ्यातून उतरत नाही. त्या दिवशी पातेलं सासूबाईंनीच वर नेलं. त्यांना वाटलं, आपण ते गच्चीत भिंतीशी टेकवून ठेवलं. प्रत्यक्षात ते जिन्याच्या वरच्या पायरीवर होतं, अर्धं पायरीवर आणि अर्धं अधांतरी... आणि खालून दुडुदुडु चढत येणाऱ्या नातीनं त्याच्या कडेला हात घातला.

खांद्यावर ओलं कापड घेऊन मागून येणाऱ्या थोरलीला सगळं दिसलं, फक्त पोहोचता आलं नाही. तिनं पोरीला उचललं, तो भाजलेला चिमुकला हात नळाखाली धरला, आणि डॉक्टर येईपर्यंत धरूनच ठेवला. मग सासूबाई नातीला मांडीवर घेऊन वेड्यासारख्या विचारत राहिल्या, "मी तर भिंतीशी ठेवलं होतं गं... तिथं कोणी आणलं? कोणी?"

त्यांची नजर अधू होत चालल्याचं थोरलीला कधीपासून जाणवत होतं. पेल्यात ओतलेलं पाणी पेल्याबाहेर पडायचं, सुई हातानं चाचपावी लागायची. पण ते त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. आपल्याच हातून आपली नात भाजली हे कळलं असतं, तर ती माउली त्या दुःखातून उठलीच नसती. थोरलीनं त्या थरथरणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी सरकवलं, आई. माझं लक्ष नव्हतं."

एवढ्या एका वाक्यानं घर दुभंगलं. दीर बायकोमुलीला घेऊन वेगळा झाला. नवऱ्यालाही तिनं खरं सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नसे. पुढे तो गेला, तेव्हा दीर आला, आईजवळ बसला, आणि वहिनीकडे मान वर करूनही न पाहता निघून गेला. त्यानंतर घरात या दोघीच उरल्या. ज्यांच्यासाठी तिनं हे सारं सोसलं त्या सासूबाईच अधूनमधून सुस्कारा सोडत, "तुझ्या धांदरटपणापायी माझा लेक दुरावला बाई." ती ऐकून घेई, आणि त्यांच्या चपला पायांखाली येतील अशा ठेवी.

आज मुलीनं आल्याआल्या बाह्या दुमडल्या. कोपरापासून मनगटापर्यंतचा तो सुरकुतलेला डाग पाहून थोरलीनं नजर वळवली.

"काकू, अशी नजर चुकवू नकोस," मुलगी हसून म्हणाली. "तू पाण्याखाली धरून ठेवलंस म्हणून निभावलं. आमच्या बाई सांगतात, तेवढं केलं की अर्धं काम होतं. बाबांना पण सांगितलं मी."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही. पेपर वाचत बसले."

सासूबाईंना आज नातीसमोर हुरूप आला होता. आता त्यांना माणसं सावल्यांसारखीच दिसत, पण भरलेलं छोटं पातेलं त्यांनी फडक्यानं धरून स्वतः उचललं आणि पाटावर ठेवलं. ते पाटाच्या कडेवर टेकलं, जरासं कललं... थोरली मुलीला सोऱ्यात जाळी कशी बसवायची ते सांगत होती. बोलणं न थांबवता, मागे वळूनही न पाहता, तिनं हात लांबवून पातेलं आत घेतलं.

"बघ," सासूबाई नातीला म्हणाल्या, "एवढी म्हातारी झाले, पण वस्तू कशी जागच्या जागी ठेवते."

"तर काय," थोरली म्हणाली.

धाकटी हे पाहत होती. थोड्या वेळानं सासूबाईंनी तेलाची वाटी ओट्याच्या टोकाला ठेवली, थोरलीनं ती आत घेतली. झारा पडता पडता तिच्या हातात आला. त्या हाताला विचार करावा लागत नव्हता, इतक्या वर्षांची सवय होती ती. धाकटीला एकदम जिन्यावरचं ते पातेलं आठवलं.

गच्चीवर कापड अंथरून दोघी शेजारी बसल्या. मुलगी खाली आजीच्या केसांना तेल लावत होती. धाकटी सोऱ्या फिरवत होती, पण तिच्या रेघा वाकड्या पडत होत्या.

"ताई, त्या दिवशी पातेलं तुम्ही ठेवलं नव्हतं ना?"

"सोऱ्या इकडे दे. पीठ गार होतंय."

"ताई..."

थोरलीनं जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. त्यांना ऐकू चांगलं येतं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आम्ही काय काय बोललो तुम्हाला... आणि तुम्ही एकदाही... का हो, ताई?"

"तुझी पोर भाजली होती. तुम्ही बोलणारच. मी सोसू शकत होते, त्या नसत्या सोसू शकल्या, एवढंच." मग ती म्हणाली, "पण कधी कधी फार एकटं वाटायचं गं."

धाकटीनं पिठाचे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले.

उन्हं कलल्यावर दीर दोघींना न्यायला आला. गच्चीवरून थोरलीला दिसलं, की धाकटी फाटकाशी त्याच्याशी काहीतरी बोलते आहे. तो ऐकत उभा राहिला, आणि मग पायरीवर मटकन बसला.

बऱ्याच वेळानं तो वर आला. सासूबाई नातीचा हात धरून गच्चीत बसल्या होत्या.

"कोण आलं?"

"मी, आई."

"आलास? तुझ्या वहिनीला माफ कर रे आता. माणूस आहे, चुकतं एखाद्या वेळी."

त्याचे ओठ हलले. त्यानं वहिनीकडे पाहिलं... इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. तिनं हळूच मान हलवली. नको.

तो आईजवळ गुडघ्यांवर बसला. "वहिनींचं काहीच चुकलं नव्हतं, आई. चुकलं ते माझं. मोठ्या भावाच्या मागे मी त्यांची साधी विचारपूससुद्धा केली नाही."

"मग हे सांगायला एवढी वर्षं लागली होय रे तुला?" सासूबाई म्हणाल्या, आणि चाचपडत त्यांनी त्याचा गाल शोधला.

तो उठून वहिनीच्या पाया पडायला वाकला, तशी ती मागे सरली. "ते राहू द्या. आधी कापडाचं टोक धरा, भावोजी, एकटीला उलटत नाही."

त्यानं टोक धरलं. धाकटीनं कापडाच्या पाठीवर पाणी शिंपडलं, आणि अर्धवट वाळलेले सांडगे मुलगी एकेक करून सोडवू लागली. पहिले चार-पाच मोडले, ते आजीनं तिथंच खाऊन टाकले आणि मीठ बरोबर असल्याचं सांगितलं.

"आज राहतो आम्ही," दीर कापडाकडे बघतच म्हणाला. "चालेल ना, वहिनी?"

"घर तुमचंच आहे," ती म्हणाली, आणि भाताचं बघायला खाली उतरली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तिनं तांदळाचा डबा उघडला, सवयीनं दोघींपुरते तांदूळ काढले, आणि मग पुन्हा डब्यात हात घातला. वर कोण कोण आहे ते ती मनात मोजू लागली... आई, भावोजी, धाकटी, पोरगी... आणि मोजता मोजता तिला असं काही रडू फुटलं, की हातातले तांदूळ तसेच मुठीत राहिले.