शून्य उपस्थिती

पडद्यावरच्या पोस्टरखाली शून्याचा आकडा उमटला तेव्हा केतकी दळवीला वाटलं, यंत्राचंच काहीतरी बिनसलंय. तिने पुन्हा चालवून पाहिलं. शून्यच.

मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, आज्ञावली लिहिणाऱ्यांचा मेळावा कोल्हापूरला भरायचा होता आणि प्रसिद्धी तिच्याकडे होती. पोस्टर बाहेर पडण्याआधीच किती माणसं येतील, हे 'छायावाचक' सांगत असे. सभासदांचं सारं जाहीर लिखाण आणि त्यांनी यंत्रावर केलेलं काम वाचून हे यंत्र प्रत्येकाची एक छाया तयार करी, तिला पोस्टर दाखवी आणि ती पुढे काय करते ते पाही. गेल्या मेळाव्याला त्याचा अंदाज जवळजवळ तंतोतंत ठरला होता.

"फिरोजसर, एकही माणूस येत नाहीये."

मेळाव्याचे प्रमुख फिरोज तांबोळी खुर्ची ओढून शेजारी बसले. "रंग आवडला नसेल."

"रंगापायी सगळेच घरी बसतील?"

"मग विचार ना, त्या दिवशी ते काय करतायत?"

तिने विचारलं. सगळ्या छाया खरंच घरी होत्या आणि तहानभूक विसरून एकाच कामाला भिडल्या होत्या. रुग्णालयांतल्या सलाईन-पंपांची, सभासदांनीच लिहिलेली आज्ञावली त्या दुरुस्त करत होत्या.

केतकीने पोस्टर पुन्हा उघडलं. पोस्टरवर शोभेसाठी तिने त्याच आज्ञावलीतल्या ओळी टाकल्या होत्या. यंत्रावरच ती त्या एकेक करून तपासू लागली आणि चूक सापडली. पंप मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आधी गेलेलं औषध हिशेबातच धरलं जात नव्हतं. पूर्ण मात्रा पुन्हा जाणार!

"यंत्राला ही चूक कळली होती?" फिरोजसरांनी विचारलं.

"यंत्राला नाही. पण पोस्टर बघून कुणाच्या तरी छायेला ती दिसली आणि तिने बाकीच्यांना सांगितली."

त्यांनी त्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ओळी काढून टाक. मेळाव्यात सगळे एकत्र बसून दुरुस्त करतील. आत्ता बोललो तर सभागृह रिकामं राहील. दोन वर्षं खपलोय आपण. आजवर काही झालं नाही, आणखी तीन आठवड्यांत काय होतंय?"

ओळी काढून तिने पंचगंगेच्या घाटाचं चित्र टाकलं आणि यंत्र चालवलं.

शून्य.

"आता का शून्य? आता तर पोस्टरवर काहीच नाही!"

केतकी पडद्याकडे बघत राहिली. सभासदांच्या छायांमध्ये तिचीही एक छाया होती. चूक तिने याच यंत्रावर शोधली होती, म्हणजे ती त्या छायेलाही ठाऊक झाली होती.

"पोस्टरवर नाही सर, माझ्या डोक्यात आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्या छायेने सगळ्यांना सांगून टाकलं. मी गप्प बसणार नाही, हे यंत्राला माझ्याआधी कळलं."

फिरोजसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"पंपांचं काम बेळगावची मीनल बघते. यावरून लाव, लगेच उचलेल."

केतकीने नंबर लावला. पलीकडून उत्साही आवाज आला, "बोला सर! मेळाव्याची तयारी कुठवर आली?"