सहादेवची ओ

"ओऽऽ... सोड पाणी!"

वळचणीच्या पाखरासारखा सहादेवचा हा आवाज दोन वर्षं मच्छिंद्रच्या कानात बसून होता.

कुणी खोटं म्हणो, पण हे घडलेलं आहे. सन त्र्याहत्तरचा चैत्र. कोल्हारच्या शिवारातली कालव्याची कोरडी चारी. भर दुपार.

मच्छिंद्रचा पुतण्या आप्पासाहेब मुंबईत कॉम्प्युटरवर संशोधन करायचा. जो तो आपल्यापुरतं ठरवतो, वर हुकूम देणारा कुणी नाही, तरी काम पार पडतं... हे त्याला यंत्राला शिकवायचं होतं.

"म्हंजी मशिनीत मुकादम न्हाई?" शेजारचा कारभारी हसला. "मग लई दिवस टिकायची न्हाई!"

"चारीवर तरी कुठंय मुकादम, कारभारीनाना?" आप्पासाहेब म्हणाला.

खरंच नव्हता. आपलं रान भिजलं की खालच्या शेतकऱ्याला हाक मारायची. त्याची ओ आली की पाणी त्याच्याकडं वळवायचं. ओ नाही आली तर आपल्याकडंच ठेवायचं. खाली राखणीला कुणी नसलं तर बांध फुटतो.

दोन वर्षांमागं मच्छिंद्रनं खालच्या सहादेवचं पाणी असंच ठेवून घेतलं होतं. "सहादेवनं ओच दिली न्हाई. झोपला आसंल," असं चारचौघांत सांगितलं.

सहादेवचा कांदा करपला. तो विहीर खोल करायला उतरला... आणि दरड अंगावर येऊन गेला.

तेव्हापासून बाया त्याच्या चांगुणाला 'झोपाळूची बायको' म्हणत.

त्या दुपारी हाच रिवाज जोखायला आप्पासाहेबनं सगळ्यांना आपापल्या रानाच्या तोंडाशी, पाणी आत घेतात तिथं, उभं केलं. सहादेवची जागा तेवढी रिकामी ठेवली.

"ओ नाही आली की काय होतं, तेच बघायचंय. मारा हाक, तात्या," तो मच्छिंद्रला म्हणाला.

बांधावर चांगुणा शेळी घेऊन उभी होती.

 मच्छिंद्रची हाक ओठांतल्या ओठांतच राहिली. कारभाऱ्यालाही ऐकू गेली नाही.

"सहादेवा..."

वारा पडला.

शेळी रवंथ करायची थांबली.

आणि खालून...

"ओऽऽ... सोड पाणी!"

"कोण हाय रं तिकडं?" कारभारी ओरडला.

कुणी नव्हतं. नुसती पांढरी ढेकळं.

पण सहादेवच्या रानाचं सकाळी बुजलेलं तोंड... उकरून मोकळं झालं होतं.

पाणी घ्यायला.

आप्पासाहेब मच्छिंद्रजवळ आला. "तात्या... एवढ्या हळू हाकेला ओ आली कशी?"

चांगुणाच्या हातातलं दावं गळून पडलं.

मच्छिंद्र तिच्याकडं वळला.

"वैनी, त्यो झोपला नव्हता. त्या दिशीबी त्यानं ओ दिली हुती... मी ऐकली हुती."