माहेरची वेळ

दरीच्या दोन्ही अंगांना दोन गावं होती आणि त्यांच्या घड्याळांत एका तासाचा फरक होता. अलीकडे पाच वाजले की पलीकडे चार. मधून रोपवे होता. एक ट्रॉली इकडून सुटली की दुसरी तिकडून निघायची, बरोबर मध्यावर दोघी एकमेकींना ओलांडून जायच्या.

अलीकडच्या स्टेशनावर तो ट्रॉलीची दारं लावायचा आणि बायको खिडकीत बसून तिकिटं द्यायची. तिचं माहेर पलीकडचं. प्रवासी विचारायचे, "कुठलं गाव बघण्यासारखं?" तो म्हणायचा, "हेच. इथला सूर्योदय बघा." खिडकीतून आवाज यायचा, "तिकडे तळं आहे, ऊन आहे, वर एक तास फुकट मिळतो. इथे काय? धुकं आणि हे."

'हे' म्हणजे तो. लोक हसायचे.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मनगटावरचं घड्याळ इकडच्या वेळेला लावलं नव्हतं. "माहेरची वेळ आहे, राहू दे की." तो चिडवायचा, "संसार इथे आणि काटे तिथे." हसण्यावारी नेलं तरी ते त्याला जरा लागायचं. ती गेली तेव्हाही घड्याळ एक तास मागेच होतं. त्याने ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं आणि रोज चावी देत राहिला. एकच विचारायचं राहून गेलं होतं. तुला इथे कधी करमलं का गं?

थंडी पडायला लागली तेव्हा पलीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उतरता उतरता विचारलं, "अहो, सूर्योदय कुठून चांगला दिसतो?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिकडच्या खिडकीतल्या बाईंनी. म्हणाल्या, बघायचं तर पलीकडचंच गाव बघा."

तिकडे खिडकी नव्हती. तिकडे मेहुणा गळ्यात पिशवी अडकवून उभ्या उभ्या तिकिटं फाडायचा. त्याने मेहुण्याला फोन लावला.

"खिडकीत कोणाला बसवलंस रे?"

"कुठली खिडकी, भावोजी? इथे नुसती भिंत आहे." मेहुण्याने आवाज खाली आणला. "ताई गेल्यापासून तुम्ही नीट जेवता ना?"

म्हातारीची काहीतरी गल्लत झाली असेल, असं त्याने मनाला समजावलं. मग एक नवरा-बायको तेच सांगत आले. बायको म्हणाली, "आणि दार लावणाऱ्यांना निरोप आहे. मफलर कपाटात शोधू नका, ट्रंकेत तळाशी आहे."

मफलर तो आठवडाभर शोधत होता. घरी जाऊन त्याने ट्रंक उपसली. तळाशी होता, तिच्या हाताची घडी असलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने मफलर गुंडाळला आणि फोन उचलला. ट्रॉली सोडण्याआधी माणसं किती ते दोन्हीकडून सांगायचं, असा नियमच होता.

"किती?" मेहुण्याने विचारलं.

"मी एकटाच. तुझ्याकडून?"

"रिकामी. या, चहा टाकतो."

धुकं विरळ होतं. तारेची घरघर तेवढी ऐकू येत होती. खाली झाडं, मग खडक, मग काहीच नाही.

मध्यावर दुसरी ट्रॉली समोर आली.

ती आत बसली होती. मांडीवर पिशवी, तोंड अलीकडच्या गावाकडे.

त्याने काचेवर हात आपटला.

तिने वळून पाहिलं. तो मीठ आणायला जाऊन तेच विसरून परत यायचा, तेव्हा पाहायची तसं. कपाळावर हात मारला आणि हसली.

ती घरी निघाली होती, आणि हा वेंधळा तिकडे चालला होता.

ट्रॉली मध्येच मागे फिरत नाही.

पलीकडे खरोखरच भिंत होती. मेहुणा मोटरपाशी उभा होता, चहा टाकायचं विसरून.

"भावोजी, रिकामी ट्रॉली इतकी जड कशी गेली?"

तो त्याच ट्रॉलीने परत फिरला.

घराला त्याचंच कुलूप होतं. आत सगळं जिथल्या तिथे. घड्याळही खिळ्यालाच.

फक्त काटे एक तास पुढे आले होते. भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होते.

त्याने ते काढून हातात घेतलं. पट्टा कोमट होता.